भाराभर चिंध्यांची वाकळ

कोल्हापुरात राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत चंद्रकांत मांडरे यांचं घर आहे. आता ते कलासंग्रहालय आहे, कारण मांडरे यांनी आपलं राहतं घर आणि स्वतःची चित्रं राज्य शासनाला देऊन टाकली. माझ्या आईच्या पिढीला चंद्रकांत म्हणजे पडद्यावरचे शिवाजी महाराज. भालजी पेंढारकरांचा १९५२ सालचा ‘छत्रपती शिवाजी’ पाहिलेल्या माणसांच्या डोळ्यांपुढे महाराजांचं नाव घेतलं की अजून त्यांचाच चेहरा येतो. मी कॉलेजात असताना या घरात पहिल्यांदा गेले, ती सिनेमातले फोटो आणि पोशाख बघायला मिळतील या समजुतीनं. आत गेले तर डोंगर, झाडं, पाणी. पावडर शेडिंगमधली निसर्गचित्रं. पावडर कागदावर चोळत, दाबत, पुसत काळ्या-करड्या छटांतून सगळा उजेड आणि सगळा अंधार उभा करायचा, अशी ही पद्धत.

नटाचा फावल्या वेळेचा छंद, असं तेव्हा मला वाटलं. पुढं स्वतः चित्रं आणि अक्षरं यांच्यावर पोट भरायला लागल्यावर एक गोष्ट लक्षात आली. ज्या माणसाची उमेदीची वर्षं कृष्णधवल सिनेमाच्या दिव्यांखाली गेली, त्यानं कागदावरसुद्धा छाया-प्रकाशाचंच काम निवडलं होतं. ही जोड मी लावलेली आहे, पण एकदा लागल्यावर ती सुटत नाही. तेव्हापासून मला त्या घरात दोन वेगळी माणसं दिसत नाहीत.

माझं डिझाइनचं छोटं ऑफिस राजारामपुरीतच आहे. लोगो करून घ्यायला मुलं-मुली येतात आणि बऱ्याच जणांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “ताई, मी बरंच काही करते, त्यामुळं लोगोत नक्की काय घालायचं तेच कळत नाही.” कुणी सुलेखन करतं, सोबत केक करतं, गड-किल्ल्यांचे व्हिडिओ करतं. कुणी ढोल-ताशा पथकात आहे, मातीचे दागिने बनवतं, लहान मुलांना चित्रकला शिकवतं. घरातल्या मोठ्यांनी त्यांना एकच म्हण पुन्हा पुन्हा ऐकवलेली असते: एक ना धड, भाराभर चिंध्या.

या म्हणीचा मला राग येत नाही, कारण तिच्यातच उत्तर आहे. आमच्याकडं भाराभर चिंध्यांची वाकळ करतात. जुनं लुगडं, धोतर, फाटका सदरा, परकराचा घेर असं सगळं एकावर एक अंथरायचं आणि कडेपासून कडेपर्यंत धावदोरा घालत न्यायचा. तुकडे रंगानं, पोतानं वेगळेच राहतात. एकसारखा असतो तो टाका. ज्यांना अनेक कलांचा नाद आहे त्यांनी आपला ब्रँड, म्हणजे लोकांच्या मनातली आपली ओळख, अशी शिवावी असं माझं म्हणणं आहे. एकही तुकडा फेकून देऊ नका. धावदोरा शोधा.

धावदोरा शोधायची रीत

हे काम डोक्यात होत नाही, जमिनीवर होतं. गेल्या दोन वर्षांत तुम्ही प्रत्यक्ष केलेल्या गोष्टी गोळा करा. आवडणाऱ्या नव्हेत, केलेल्या. चित्रं, दागिने, छापलेले फोटो, गाण्याच्या कार्यक्रमाची पत्रिका, रेसिपीची वही, मंडळासाठी केलेल्या देखाव्याचा कच्चा आराखडा. ज्या वस्तू ठेवता येत नाहीत त्यांची नावं कागदाच्या तुकड्यांवर लिहा. खोलीतली सतरंजी काढून सगळं फरशीवर मांडा आणि तासभर काहीही न ठरवता बघत बसा. मदतीला एक असं माणूस बोलवा ज्याला तुमची कला कळत नाही, पण तुम्ही कळता. बहीण, शेजारची काकू, जुना वर्गमित्र. त्यांना एवढंच विचारा, “यात सारखं सारखं काय दिसतंय?”

दोरा चारपैकी एखाद्या ठिकाणी सापडतो. कधी तो विषयात असतो: सगळीकडं पक्षी, किंवा जुने वाडे, किंवा आजीच्या काळातलं घर. कधी साहित्यात असतो: माती, कागद, सूत. कधी माणसांत असतो: तुम्ही काहीही केलं तरी ते लहान मुलांसाठीच निघतं. आणि कधी तो तुमच्या रीतीत असतो. हा चौथा प्रकार सगळ्यात अवघड, कारण आपली रीत आपल्याला दिसत नाही. माझ्याकडं आलेली एक मुलगी मातीचे दागिने करायची, भिंतींवर चित्रं काढायची आणि लग्नाच्या पत्रिका लिहून द्यायची. फरशीवर सगळं मांडल्यावर विषय सगळे निराळे निघाले. मग तिच्या आईच म्हणाल्या, “हिला रंग कमी लागतात.” खरंच, प्रत्येक कामात दोनच रंग होते आणि बाकी जागा मोकळी. बाजारात सगळं चमकी-झगमगाटात असताना ही मुलगी नकळत उलट्या दिशेनं चालली होती. आम्ही तिचा लोगो त्या दिवशी केलाच नाही. आधी ती ओळख तिला पचू दिली.

दोरा सापडला नाही तर? तर अजून काम कमी झालंय, एवढाच त्याचा अर्थ. सहा महिने आणखी करा आणि पुन्हा मांडा. दोरा नसताना लोगो काढून घेणं म्हणजे कापड नसताना गुंड्या विकत आणणं.

मेस्त्रींचे पेंटर

धावदोरा म्हणजे काय हे ज्याला नीट बघायचं आहे त्यानं बाबूराव पेंटरांचं काम पाहावं. आम्ही कोल्हापूरकर त्यांचं नाव अभिमानानं घेतो, पण त्यांच्याकडून शिकत मात्र कमी.

१८९० साली कोल्हापुरात जन्मलेल्या या माणसाचं आडनाव मेस्त्री. चुलतभाऊ आनंदराव आणि ते दोघं मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. नाटकाचा पडदा म्हणजे कापडावर उभा केलेला महाल, नाहीतर अरण्य, नाहीतर रस्ता. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही आपण तिथंच आहोत असं वाटलं पाहिजे. मग दोघांना सिनेमाचं वेड लागलं. कॅमेरा परदेशातून यायचा, परवडायचा नाही, म्हणून त्यांनी तो स्वतः बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीनं कॅमेरा पुरा केला. तानीबाई कागलकर या कोल्हापूरच्या गायिकेनं पैसे घातले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली ‘सैरंध्री’ आला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं.

आता या माणसाचे नाद मोजा. पडदे, तैलचित्रं, मूर्तिकाम, यंत्रकाम, दिग्दर्शन. त्यांनी सिनेमात सपाट रंगवलेल्या पडद्यांच्या जागी खरी खोली असलेले सेट आणले, कृत्रिम प्रकाशाचे प्रयोग केले, चित्रीकरणाआधी पोशाखांची आणि हालचालींची रेखाटनं केली. आपल्या चित्रपटांची पोस्टरं त्यांनी स्वतः रंगवली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं त्यांचं पोस्टर आजही भारतीय पोस्टरांच्या इतिहासात सुरुवातीला दाखवतात. पुढच्याच वर्षी ‘सावकारी पाश’मध्ये पौराणिक झगमगाट बाजूला ठेवून त्यांनी कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम.

पाच-सहा धंदे, पण क्रियापद एकच: दाखवणं. पडद्यावरचं अरण्य असो, कॅमेऱ्याची भिंग-चाकं असोत की मातीतला पुतळा, समोरच्याला ती गोष्ट खरी दिसावी यासाठीच सगळी धडपड. कॅमेरा हा त्यांचा ‘आणखी एक छंद’ नव्हता. ब्रशानं जिथपर्यंत दाखवता येत होतं त्याच्या पुढं जायला तो लागला.

म्हणून मुलांना मी सांगते, आपली ओळख नामांत लिहू नका. चित्रकार, गायक, फोटोग्राफर, ब्लॉगर अशी चार नामं स्वल्पविराम देऊन लिहिली की वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. क्रियापद शोधा. मी जुनं जपते. मी मुलांना हात वापरायला शिकवतो. मी गावाकडचं शहरात आणून ठेवते. क्रियापदाखाली चार कला सहज राहतात आणि पाचवी आली तरी जागा असते.

याची परीक्षा लग्नात होते. मांडवात एखादी मावशी विचारतेच, “काय करालीस गं सध्या?” तिला दहा-बारा शब्दांत सांगता आलं पाहिजे, आणि ते ऐकून तिला पुढचा प्रश्न विचारावासा वाटला पाहिजे. “मी कंटेंट क्रिएटर आहे” म्हटल्यावर मावशी जेवणाची चौकशी करायला निघून जाते. “जुन्या साड्यांपासून मी मुलांसाठी चित्रांची पुस्तकं शिवते” म्हटलं तर ती तिथंच खुर्ची ओढून बसते. मावशीला कळलेलं वाक्य इन्स्टाग्रामवर चालतं, कार्डावर चालतं आणि बँकेत कर्जाच्या अर्जावरसुद्धा चालतं.

एक नाव की दोन?

बाबूरावांची दुसरी शिकवण नावाची. मेस्त्री हे आडनाव मागं पडलं आणि पेंटर हेच आडनाव झालं. सिनेमाचे दिग्दर्शक म्हणून देशभर गाजल्यावरही ते पेंटरच राहिले. त्यांनी आपल्या मुळाचं नाव धरलं आणि फांद्या कितीही फुटल्या तरी ते बदललं नाही. मांडरे यांचं मूळ नाव गोपाळ. ‘चंद्रकांत’ हे नाव पडद्यासाठी आलं आणि पुढं सगळ्याच कामाला पुरलं.

मराठीत दुसरी परंपराही आहे. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावानं लिहिली, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोदी लेख बाळकराम म्हणून. आचार्य अत्रे विडंबनं लिहायला बसले की केशवकुमार व्हायचे. शिरवाडकर कवितेत कुसुमाग्रज. या लोकांनी नाव बदललं तेव्हा वाचकाला आधीच इशारा दिला की आता वेगळ्या आवाजात बोलणार आहे. उलट पु. ल. देशपांडे. लेखन, एकपात्री प्रयोग, पेटी, संगीत, सिनेमा सगळं एकाच नावाखाली. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ची तर ‘सबकुछ पु. ल.’ अशीच ख्याती झाली.

मग तुम्ही काय करावं? माझा कौल बहुतेक वेळा एका नावाला असतो, आणि त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. दोन नावं म्हणजे दोन खाती, दोन कार्डं, दोनदा ओळख वाढवण्याचे कष्ट. एकट्या माणसाची त्यात दमछाक होते. दोन नावं तेव्हाच घ्या, जेव्हा एका कामामुळं दुसऱ्यावरचा विश्वास डळमळेल. दिवसा लोकांचे हिशेब तपासणारा माणूस रात्री थट्टेचे प्रयोग करत असेल तर वेगळं नाव ठीक. मातीकाम आणि सुलेखन यांच्यात असलं भांडण नसतं.

धंद्याचं नाव ठेवताना एकाच नादाला बांधून घेऊ नका. नावात ‘क्ले’ घातलं की पुढच्या वर्षी कापडावर काम सुरू केल्यावर तेच नाव आडवं येतं. स्वतःचं नाव किंवा घराचं, गल्लीचं, आजीचं नाव जास्त टिकतं. आणि ते सगळीकडं एकच हवं. देवनागरीत आणि रोमन लिपीत त्याचं स्पेलिंग एकदाच ठरवा. अनेकांच्या बाबतीत दिसतं ते असं: इन्स्टाग्रामवर एक टोपणनाव, कार्डावर दुसरं, आणि ग्राहक यूपीआयवर पैसे पाठवायला गेला की स्क्रीनवर बँक खात्यातलं तिसरंच नाव, बहुतेक वडिलांचं. तिथं ग्राहकाचा हात थांबतो. चालू खातं धंद्याच्या नावानं उघडा. तोपर्यंत निदान बिलावर दोन्ही नावं शेजारी-शेजारी छापा.

‘कोल्हापुरी’ हा शब्द नावात घालायचा मोह आपल्याकडं सगळ्यांनाच होतो. जपून. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि ते महाराष्ट्र-कर्नाटकातल्या ठरावीक जिल्ह्यांमधल्या कारागिरांच्या कामाचं आहे. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये त्याच घडणीच्या चपला आणल्या आणि मूळचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे चिडलो. तो राग रास्त होता. मग बाहेरून आणलेल्या मालावर आपणही ते नाव चिकटवता कामा नये. कोल्हापूरची ओळख वापरायचीच असेल तर बोलीतून, विषयातून, हाताच्या कामातून येऊ द्या.

दर्शनी काय, आत काय

जनता बाजार चौकातून राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यानं चालत निघा आणि दुकानांच्या काचा बघत जा. ज्या दुकानानं सगळाच माल दर्शनी भागात लटकवलाय तिथं पाय थांबत नाही. ज्यानं काचेत एकच पैठणी किंवा एकच सायकल मांडलीय तिथं आपण थांबतो, आत जातो, आणि मग आतलं दहा प्रकारचं सामान बघतो. तुमच्या कलांचंही असंच. दर्शनी एकच ठेवा. कोणती? जी दाखवल्यावर अनोळखी माणूस सगळ्यात लवकर प्रश्न विचारतो ती. बाकीच्या आत असू देत. त्यांच्यामुळंच आत आलेला माणूस जास्त वेळ रेंगाळतो.

हे मी किंमत मोजून शिकले आहे. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या कार्डावर सात कामं छापली होती: लोगो, पत्रिका, भित्तिचित्रं, फोटो, भाषांतर, मुलांचे वर्ग, सजावट. एका प्रदर्शनात एका बाईंनी ते कार्ड हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि जागेवर परत ठेवलं. त्यांना पत्रिका हवी होती, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. पत्रिका माझ्या यादीत दुसऱ्याच ओळीत होती, तरी ती त्यांना दिसली नाही. पुढचं कार्ड मी फक्त अक्षरांचं केलं. फोटोची आणि मुलांच्या वर्गांची कामं तरीही येत राहिली. अक्षरांसाठी आलेले लोकच ती घेऊन आले.

एखादा नाद विक्रीला न ठेवणं हाही निर्णय असू शकतो. गाणं फक्त स्वतःसाठी ठेवलंत तर त्यात काही कमी होत नाही. प्रत्येक कलेचं दुकान मांडायचं बंधन कुणी घातलेलं नाही.

दिसणं एकसारखं ठेवायला फार खर्च लागत नाही. दोन रंग, एक अक्षरवळण, एक खूण. अक्षर असं निवडा ज्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच हातानं घडवलेली आहेत. एक टाइप या संस्थेची ‘मुक्त’ आणि ‘बलू’ ही अक्षरं मोफत मिळतात आणि धंद्यासाठीही वापरता येतात. मराठी मजकूर एका फॉन्टात आणि इंग्रजी दुसऱ्याच कुठल्या तरी फॉन्टात असला की पाटी दोन माणसांनी भांडत रंगवल्यासारखी दिसते. खुणेचं म्हणाल तर आपल्याच गावातलं उदाहरण घ्या. बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले शांताराम, दामले, फत्तेलाल यांनी सोबत्यांसह १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. ‘संत तुकाराम’ कुठं, ‘कुंकू’ कुठं, ‘माणूस’ कुठं! तरी सुरुवातीला तुतारी फुंकणारी ती स्त्री दिसली की प्रेक्षक सावरून बसायचा. खूण बदलली नाही, म्हणून विषय बदलायची मोकळीक मिळाली. दर तीन महिन्यांनी लोगो बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सगळे नाद रोज चालवता येत नाहीत, आणि रोज चार प्रकारचं काम टाकलं तर बघणाराही गोंधळतो. त्याऐवजी वर्षाची वाटणी करा. आपल्याकडं ती सणांनी करूनच ठेवली आहे. गणपतीत राजारामपुरीतली आगमनाची मिरवणूक बघायला सगळं कोल्हापूर लोटतं. तेव्हा मूर्ती, देखावे, ढोल, फोटो यांचा हंगाम. दिवाळीआधी दागिने, आकाशकंदील, भेटवस्तू. लग्नसराईत पत्रिका. मे महिन्यात मुलांचे वर्ग. पावसाळा स्वतःच्या अभ्यासाला आणि नव्या प्रयोगांना ठेवा. दोन हंगाम असे नेटानं सांभाळलेत की लोकांनाच कळायला लागतं की अमुक महिन्यात तुमच्याकडं काय मिळतं, आणि ते आधीच फोन करतात.

कागदपत्रं

हा भाग रुक्ष आहे, पण टाळू नका. अनेक कामं करणाऱ्यांना वाटतं प्रत्येक कामासाठी वेगळी नोंदणी लागेल. तसं नाही. केंद्र सरकारची उद्यम नोंदणी मोफत आहे आणि एकाच नोंदणीत वस्तू बनवणं आणि सेवा देणं अशी कितीही कामं दाखवता येतात. एका उद्योगाला दुसरी नोंदणी करताही येत नाही. पैसे मागणाऱ्या मध्यस्थाकडं जाऊ नका, सरकारी पोर्टलवर स्वतः भरा. एकटीनं किंवा दोन-चार माणसांत काम चालत असेल तर महाराष्ट्रात दुकान-आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन माहिती कळवणं पुरतं.

नावाचा ट्रेडमार्क मात्र वर्गवार असतो, आणि बहुकलाकारांची गफलत इथं होते. दागिने चौदाव्या वर्गात, कागदी आणि छापील वस्तू सोळाव्यात, कपडे आणि पादत्राणं पंचविसाव्यात, शिकवणं आणि करमणूक एक्केचाळिसाव्यात. व्यक्तीला आणि छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी सध्या एका वर्गाला ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षं चालते, पुढं वाढवता येते. चारही वर्गांत एकदम अर्ज करायची घाई नको. दर्शनी कलेचा वर्ग आधी घ्या. त्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर तेच नाव कुणी घेतलंय का हे फुकट शोधता येतं. नाव छापायच्या आधी ते शोधा, छापल्यानंतर नको. चित्राचा, फोटोचा, लिखाणाचा कॉपीराइट ते निर्माण होताक्षणीच लागू होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण मूळ रेखाटनं आणि तारखा जपून ठेवा. उद्या कुणी नक्कल केली तर त्याच कामाला येतात.

नवा नाद लागला की काय करायचं, असं मला विचारतात. लागू द्या. फक्त तो लगेच पाटीवर लिहू नका. वर्षभर आतल्या खोलीत करा. वर्षानंतर पुन्हा फरशीवर सगळं मांडाल तेव्हा धावदोरा त्याच्यातूनही गेलेला दिसला, तर तो वाकळेत आपोआप शिवला गेलेला असेल. नाही दिसला, तर तो नुसता आनंदासाठी आहे. त्याला तसाच राहू द्या.

आज रात्री एवढं करा. इन्स्टाग्रामवरचं नाव, कार्डावरचं नाव, यूपीआयवर दिसणारं नाव आणि तुमचे ग्राहक फोनमध्ये तुम्हाला ज्या नावानं साठवतात ते नाव, अशी चार नावं एका कागदावर एकाखाली एक लिहा. चारही एकच असतील तर उद्या फरशी मोकळी करा आणि कामं मांडायला घ्या. वेगळी असतील तर आधी ती एक करा. आणि कधी राजारामपुरीत आलात तर सातव्या गल्लीत नक्की जा, मांडरे यांची चित्रं जवळून बघा.